आबाजी आणि सदतिसावा भाग

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. त्रिमूर्तीनगरातलं एक घर. खिडकीत कूलर, ओल्या ताट्या, खाली ठेवलेल्या बादलीत टिपटिप पडणारं पाणी.)

मे महिन्यात नागपुरात टीव्ही कोणी ऐकत नाही, नुसता बघतात. कूलर सुरू झाला की आवाजाचा विषयच संपतो. त्यामुळे जपानी मालिका काय आणि घरात रोज लागणारी आपली मालिका काय, उन्हाळ्यात दोन्ही सारख्याच. कोण काय बोलतंय ते कळत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे एकच विचारतात. काटोल तालुक्यातल्या, संत्र्याच्या बगीच्यात जन्म गेलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला ‘वन पीस’ ही जपानी कार्टून मालिका समजली कशी?

(दृश्य: आबाजी पलंगावर. गुडघ्याला पट्टा, हातात साधा फोन.)

हे आमचे आबाजी. माझे आजोबा. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले आणि दीड महिना आमच्याकडे अडकले. अडकले हा त्यांचा शब्द. जीव सगळा तिकडे, बगीच्यात. मे म्हणजे मृग बहाराच्या ताणाचे दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: या दिवसांत संत्र्याच्या झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, आणि मग मृगाचा पाऊस पडला की ते फुलतं. त्या फुलांची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड खंगतं. हे गणित डोळ्यांनी करायचं असतं. आबाजी ते फोनवरून करत होते. दिवसातून तीनदा काकाला विचारायचे, “पानं मुरडली का रे? किती मुरडली?” आता किती मुरडली हे कोणी फोनवर कसं सांगायचं?

दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. नववीची परीक्षा झालेली, टीव्ही ताब्यात. आणि टीव्हीवर ‘वन पीस’.

थोडक्यात ओळख. एइचिरो ओदा नावाच्या जपानी चित्रकाराने जुलै १९९७ मध्ये ही चित्रकथा एका साप्ताहिकात सुरू केली, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पाचेक वर्षांत संपवू असा त्याचा अंदाज होता. अजून संपलेली नाही. टोएई ॲनिमेशनने तिच्यावरून केलेली मालिका २० ऑक्टोबर १९९९ पासून सुरू आहे आणि तिचे ११०० हून जास्त भाग झालेत. एक भाग चोवीस मिनिटांचा धरा. झोप, जेवण, आंघोळ सगळं सोडून बसलात तरी अठरा दिवस लागतील. गवताची टोपी घालणारा लुफी नावाचा एक पोट्टा, त्याला समुद्री चाच्यांचा राजा व्हायचंय. अंग रबराचं. बास, एवढ्यावर अठरा दिवस.

आबाजींचं पहिलं मत मी तेव्हाच फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ऐका.

(आवाज: “हे पोट्टं रबराचं काहून हाय? याले हाडं नाहीत का?”)

दुसरं मत असं नाहीच. झोप लागली.

या मालिकेच्या चाहत्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. कोणी म्हणालं की मला नाही बाबा आवडली, तर ते भांडत नाहीत. फक्त म्हणतात, आर्लाँग पार्कपर्यंत थांब. आर्लाँग पार्क म्हणजे मालिकेतल्या गोष्टीचा एक टप्पा. माझं स्वतःचं मत, हे वाक्य जरा उद्धट आहे. तीसपस्तीस भाग कंटाळा सोसा, मग मजा येईल, असं सांगणाऱ्या स्वयंपाकिणीच्या घरी कोण जेवायला जाईल? पण भाऊही तेच म्हणायचा. “आबाजी, थांबा न. आर्लाँग पार्क येऊ द्या.”

आबाजी थांबले, कारण जाणार कुठे? गुडघा.

खालच्या इंग्रजी पट्ट्या त्यांना वाचता येत नाहीत. मग भाऊ वाचून सांगायचा, कूलरवर आवाज चढवून, आपल्या बोलीत. मी आतल्या खोलीतून ऐकायचे. तलवारबाज झोरो म्हणतोय, “मी हारणार नाही, समजलं का बे?” स्वयंपाकी सांजी म्हणतोय, “ताटातलं टाकायचं नाही.” हे मालिकेचं भाषांतर म्हणून कितपत खरं, देव जाणे. पण सांजी खरंच तसलाच माणूस आहे.

(दृश्य: संध्याकाळ. कूलर बंद, दिवे गेलेले. नंतर दिवे येतात, टीव्ही सुरू होतो.)

त्या संध्याकाळी भाग लागले पस्तीस, छत्तीस, सदतीस. नामी या मुलीची गोष्ट. तिच्या गावावर आर्लाँग नावाच्या माशासारख्या चाच्याने कबजा केलाय. जगायचं असेल तर मोठ्या माणसाचे एक लाख बेरी, लहान मुलाचे पन्नास हजार. बेरी म्हणजे त्यांचा पैसा. नामीला आणि तिच्या बहिणीला सांभाळणारी बेलमेर पूर्वी नौदलात होती. तिच्याकडे एक लाख निघतात. तेवढ्यात एक तर ती स्वतः वाचेल, नाही तर दोन पोरी वाचतील. पोरी माझ्या नाहीत असं म्हणाली असती तर कोणाला कळलंही नसतं. ती म्हणते, माझ्याच आहेत.

इथे लोक रडतात. आबाजी रडले नाहीत. ते उठून बसले, पण वेगळ्याच कारणाने.

“थांबव. थांबव जरा. हे कायचं झाड हाय?”

मिकानचं. जपानी संत्रं. आपल्या संत्र्याचं चुलत भावंडच म्हणा. तसंच सैल सालीचं, चाकू न लावता हाताने सोलता येणारं. बेलमेर नौदल सोडून मिकानचा बगीचा करते. ओदा ज्या कुमामोतोचा, तिथेही मिकान पिकतं. २०१६ च्या भूकंपानंतर त्या भागात या मालिकेतल्या पात्रांचे पुतळे उभारले गेले, त्यांतला नामीचा निशिहारा गावात आहे. हे मी नंतर शोधलं. आबाजींना त्याची गरज नव्हती. ते पडद्याजवळ सरकून झाड बघत होते.

“आळे केले नाहीत यायनं.”

मग एक प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितला. घरात खायला पुरेसं नसतं, तेव्हा बेलमेर आपला वाटा पोरींना देते. स्वतः नुसती मिकानं खाते आणि सांगते, मी वजन कमी करतेय. भावाने वाचून दाखवलं. आबाजी काही बोलले नाहीत. आमच्या पणजीबद्दल, म्हणजे त्यांच्या आईबद्दल, घरात एक गोष्ट सांगतात. ज्या वर्षी माल पडून राहिला, त्या वर्षी ती म्हणायची, मले भाकरी पचत नाही, संत्रं बरं. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीय. त्या दिवशी कोणी सांगितली नाही.

(दृश्य: बगीचा. जमिनीवर गळून पडलेली हिरवी फळं, जवळून.)

आता ज्यासाठी हा सगळा व्हिडिओ केला, ते.

आठ वर्षं नामी चोरी करून पैसा जमवते. आर्लाँगने तिला शब्द दिलाय, दहा कोटी बेरी आण, गाव सोडतो. पैशाच्या व्यवहारात दिलेला शब्द मी मरेपर्यंत मोडत नाही, असं तो सांगतो. नऊ कोटी तीस लाख जमलेत. सगळे त्याच बगीच्यात पुरलेले. आणि एक दिवस नौदलाचा एक साहेब येतो. नेझुमी. हे नाव जपानीत उंदराचं, आणि त्याला मिशाही तशाच काढल्यात. चोरीचा माल जप्त करायला आलोय म्हणतो आणि शिपायांना बगीचा खणायला लावतो.

भाऊ पुढची पट्टी वाचणार, तेवढ्यात आबाजी म्हणाले,

“त्यानंच धाडला.”

भावाने भाग थांबवला. “कोणी?”

“त्या मासोळीनं. स्वतः शब्द नाही मोडत न तो. दुसऱ्याच्या हातानं मोडते.”

मालिकेत हे नामीला कळतं ते नेझुमी बोलताबोलता रकमेचा आकडा बोलून जातो तेव्हा. आबाजींना त्याआधीच कळलं होतं. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला, कारण त्याला स्वतःला पहिल्यांदा हे कळलं नव्हतं.

कसं कळलं, ते आबाजींनी त्या रात्री जेवताना सांगितलं. मी लहान होते तेव्हाची गोष्ट. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा दुसरा हंगाम, झाडावर लदलेला. एका व्यापाऱ्याने अख्खा बगीचा गुत्त्याने घेतला, इसार दिला, हातावर हात मारला. मग बाजारात भाव पडला. व्यापारी आला नाही. दलाल आला. फळ बारीक आहे म्हणाला, सालीवर डाग आहेत म्हणाला, निम्म्यात देता का म्हणाला. आबाजी व्यापाऱ्याच्या घरी गेले. त्याने चहा पाजला. म्हणाला, माझा शब्द कायम आहे काका, पण हा दलाल ऐकत नाही, मी काय करू? तोडणी लांबत गेली. फळगळ सुरू झाली. सकाळी बगीच्यात गेलं की पायाखाली संत्री.

“चहा चांगला होता,” आबाजी म्हणाले.

(दृश्य: पुन्हा टीव्हीचा उजेड, आबाजींच्या चेहऱ्यावर.)

सदतिसाव्या भागाचा शेवट बहुतेकांना माहीत आहे. खांद्यावर आर्लाँगचं चिन्ह गोंदलेलं, त्यावर नामी स्वतःच सुरी मारत सुटते. लुफी तिचा हात धरतो. याआधी तिने त्याला दहादा निघून जा म्हटलेलं असतं. आता ती वळून एवढंच म्हणते, लुफी, मदत कर. तो आपली टोपी, जिला कोणाला हात लावू देत नाही ती, तिच्या डोक्यावर ठेवतो. चार पावलं पुढे जातो. आणि ओरडतो, “आतारिमाए दा!”

इंग्रजी पट्टीत याचं काहीतरी सभ्य भाषांतर होतं. भावाने ते वाचलंच नाही. घसा ताणून ओरडला,

“हाव ना बे!”

शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. आबाजींनी कूलरकडे बोट दाखवून तो बंद करायला लावला. बाहेर रात्री नऊलाही झळा होत्या. त्यांना पुढचं ऐकायचं होतं. जपानीतलं.

(दृश्य: काटोलजवळचा बगीचा, सकाळ. खाटेवर आबाजी, हातात आता मोठा फोन.)

गुडघा बरा झाला, आबाजी गावी गेले. जाताना भावाने फोन घेऊन दिला आणि बटणं शिकवली. पट्ट्या अजून वाचता येत नाहीत. अडलं की फोन लावतात. काकाला लावायचे तसेच दिवसातून तीनदा. आजवर कुठवर पोचले ते विचारू नका. झोरोच्या मारामाऱ्या ते पुढे ढकलतात, जेवणाचे प्रसंग दोनदा बघतात.

एकदा मध्येच फोन आला. नामीने गाव सोडताना मिकानची तीन झाडं जहाजावर लावून घेतली, ती त्यांना दिसली होती.

“चारी बाजूनं खारं पाणी. झाडांले गोडं पाणी कोण देते रे?”

भाऊ म्हणाला, ते दाखवत नाहीत, आबाजी. पण तो सांजी आहे न, स्वयंपाकी, तो राखण करतो. लुफीने चोरून खाऊ नये म्हणून.

पलीकडे जरा वेळ शांतता. मागे पंपाचा आवाज.

“म्हणजे जागलीले हाय कोणीतरी,” आबाजी म्हणाले. “मंग ठीक हाय. लाव पुढचा.”