चौथ्या सीटचा कायदा

[दृश्य : डोंबिवली स्थानक, सकाळ. फलाट वरून]

इंडिकेटरवर सीएसएमटी फास्ट लागली आहे. गाडी यायला अजून वेळ आहे. वरून बघा, माणसं फलाटभर सारखी पसरलेली नाहीत. डब्याचं दार जिथे येऊन थांबणार, तिथे घोळका. मध्ये फलाट मोकळा. पाठीवरची सॅक आत्ताच पोटाशी आली आहे. हे करा म्हणून कुणी सांगत नाही. रोजच्या माणसांचं बघून नवा माणूस आठवडाभरात शिकतो.

[दृश्य : गाडी शिरते, थांबायच्या आत उड्या]

खिडक्या आधीच भरलेल्या. त्यांत डोंबिवलीचीही काही माणसं असतात, कल्याणपर्यंत उलटं जाऊन याच गाडीने परत आलेली.

[दृश्य : डब्यात. बाकाचा क्लोजअप]

बाक तिघांचा, बसतात चौघं. चौथ्याची अर्धी मांडी बाहेर, एक पाय येण्याजाण्याच्या वाटेत रोवलेला. तो नुसती हाताने खूण करतो आणि तिघं सरकतात. घाटकोपरला खिडकीतला उठला की मधला खिडकीत जातो, तिसरा मध्ये, आणि चौथ्याला अखेर नीट टेकायला मिळतं. उभ्या माणसाने तोवर विचारून ठेवलेलं असतं, "कुठे उतरणार?" एवढं विचारलं की त्याचा नंबर लागला. मग त्या जागेवर दुसरा कुणी बसत नाही.

बायकांच्या डब्यात पुरुषांनी शिरू नये, हे १९८९च्या रेल्वे कायद्यात लिहिलेलं आहे. चौथ्या सीटबद्दल त्या कायद्यात एक ओळ नाही.

[दृश्य : इअरफोन घातलेला तरुण, सरकत नाही]

हा मुलगा नवा दिसतो. सरकला नाही. कुणी आवाज चढवला नाही. समोरच्याने मोबाइलवरून नजर वर केली, शेजारच्याने "अरे, बसू दे ना त्यांना" म्हटलं. बास. सरकला.

फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ साली हीच गोष्ट मांडली होती. वागण्याच्या अशा रीतींना ते 'सामाजिक तथ्य' म्हणत. त्या आपल्या आधीपासून असतात, आपल्या बाहेर असतात आणि आपल्याला भाग पाडतात. निमूट पाळत असेपर्यंत हा दाब कळत नाही. मोडायला गेलं की लगेच कळतो. या मुलाला तो आत्ता कळला.

[दृश्य : दारातली गर्दी, चेहऱ्याला चेहरा भिडलेला]

इथे दोन चेहऱ्यांत वीतभरही अंतर नाही, तरी कुणी कुणाकडे रोखून बघत नाही. एकदा ओझरतं बघायचं, दखल घेतल्याचं कळू द्यायचं आणि नजर काढून घ्यायची. अमेरिकेत शिकवणारे समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ साली या वागण्याचा बारकाईने विचार केला. त्याला 'सभ्य दुर्लक्ष' म्हणता येईल. तेवढं झालं की अनोळखी माणसाला निर्धास्त उभं राहता येतं. मुंबईतल्या बायकांना विचारा, ही नजर काढून घेतली गेली नाही तर काय होतं ते.

[दृश्य : पुरुषांच्या बाकावर पसरलेले गुडघे, मग मुलगी, कोपर अंगाशी, पर्स मांडीवर]

बसण्याची ही ढबसुद्धा जन्मतः येत नाही. चालणं, बसणं, पोहणं, सगळं समाजाकडून शरीरात उतरतं, असं फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ साली पॅरिसमधल्या व्याख्यानात सांगितलं. न्यूयॉर्कला आजारी असताना तिथल्या नर्सेसची चाल त्यांना ओळखीची वाटली. नंतर उलगडलं, ती सिनेमात पाहिली होती. पॅरिसला परतले, तर तिथल्या मुलीही तशाच चालू लागल्या होत्या.

[दृश्य : संध्याकाळ, परतीचा लेडीज डबा. मांडीवर पिशवी, मेथीची जुडी]

आता हे हात बघा. दोरा सोडला, जुडी मोकळी केली, मुळं एकीकडे, पानं पिशवीत. ठाणं यायच्या आत एक जुडी संपते. पलीकडे मटार सोलले जाताहेत. आम्ही विचारलं, भाजी गाडीतच का? उत्तर आलं, "घरी गेल्यावर कुकर लावायचा असतो ना." त्याच गाडीतल्या पुरुषांच्या डब्यांत आम्ही कॅमेरा फिरवला. पत्ते होते, भजन होतं, डुलक्या होत्या. मेथी कुणाच्याच मांडीवर नव्हती.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरांत जाऊन बसल्या, त्यांची संध्याकाळ पाहिली. ऑफिसनंतर बाईची घरी सुरू होते ती 'दुसरी पाळी', असं त्यांनी १९८९ साली लिहिलं. आपल्याकडे ही पाळी गाडीतच सुरू होते. ही आवड नाही, हा स्वभाव नाही. चौथ्या सीटसारखाच हा न लिहिलेला नियम आहे, फक्त याला कुणी "सरका जरा" म्हणत नाही.

[दृश्य : डोंबिवलीच्या पुलावर उतरणारी गर्दी]

२०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि शंभरातले साधारण २६च पुरुष दिवसभरात घरकामाला हात लावत होते. झोप, तब्येत, बढती, या सगळ्याचा हिशोब या मिनिटांतच आला. पाहणीत वय सहा वर्षांपासून पुढे धरलं होतं, म्हणजे या आकड्यांत लहान मुलं-मुलीही आहेत.