बंद दाराबाहेरचे मूल

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

माता-बाल आरोग्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांना आपण या कामाकडे का वळलात, असे विचारले, की उत्तरात बालपणीची एखादी आठवण हमखास येते. कुणाचे तान्हे भावंड दगावलेले असते, कुणाच्या आईने बाळंतपणानंतर अंथरूण धरलेले असते, तर कुणी एखादी रात्र अशा बंद दाराबाहेर काढलेली असते, की आत काहीतरी बिघडले आहे एवढेच त्याला कळत होते. ही उत्तरे मी नेहमी आदराने ऐकत आलो आहे. मात्र ती वारंवार ऐकल्यावर, दुःख भोगले म्हणून माणूस सेवेकडे वळला, असे सरळ समीकरण मांडण्याची सवय आपल्याला जडते. ते समीकरण मला मान्य नाही.

हलाखी माणसाला घडवते असे म्हणणे सोपे आहे. पुष्कळदा ती त्याला मोडते. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली ज्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणातील छळ, उपेक्षा आणि घरातील अस्थैर्य यांविषयी विचारण्यात आले होते, आणि असे आघात जितके जास्त तितके पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांचे प्रमाण चढते, असे त्यातून दिसून आले. दुसरीकडे एमी वर्नर यांनी हवाईतील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके पाठपुरावा केला. त्यांतील सर्वाधिक प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि इतरांची काळजी वाहणारी माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी विश्वासाचे मोठे माणूस होते, मग ती आजी असो, शिक्षिका असो वा शेजारीण. हलाखीतून प्रेरणा मिळते असे म्हणताना हे तिसरे माणूस आपण गाळतो, आणि त्यामुळे सगळे श्रेय दुःखालाच जाते.

तरीही हलाखी भोगलेल्या मुलाला एक गोष्ट इतरांपेक्षा नेमकी ठाऊक असते, आणि ती म्हणजे मदत कुठे अडली. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंमागचे तीन विलंब मांडले: दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यातला, तिथवर पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. आज हे तीन विलंब या विषयाच्या प्रत्येक वर्गात शिकवले जातात. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाने त्यांतला एखादा विलंब नावाशिवाय पाहिलेला असतो. घरातली मोठी माणसे कुणाच्या संमतीसाठी थांबली होती, वाहन किती वेळाने आले, दवाखान्याच्या पायरीवर आईला किती वेळ बसवून ठेवले, हे त्याच्या मनातून पुसले जात नाही. पुढे तेच मूल परिचारिका किंवा डॉक्टर झाले, तर कागदावर ‘रुग्ण उशिरा आणला’ एवढे लिहून त्याचे समाधान होत नाही. उशीर नेमका कुणी आणि कशामुळे केला, हे त्याला विचारावेसे वाटते. प्रेरणा हा शब्द मला इथे थोडा अपुरा वाटतो. ही एक प्रकारची साक्ष आहे.

साक्षीलाही मर्यादा असतात. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभरातील प्रमुख कारण आहे, आणि ज्याने लहानपणी असा रक्तस्राव पाहिला त्याच्या मनात ‘पुष्कळ रक्त’ एवढेच उरते. पण पुष्कळ म्हणजे किती? अनुभवी डोळ्यांचाही अंदाज इथे चुकतो, आणि तो बहुधा कमीच ठरतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तीत प्रसूतीनंतर मोजमापाच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे आच्छादन वापरून रक्त मोजले गेले आणि ठरावीक उपचार टप्प्याटप्प्याने न देता एकदमच सुरू केले गेले, तेव्हा तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि त्यामुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. आठवणीने माणसाला प्रसूतिगृहापर्यंत आणून सोडावे. तिथून पुढे मोजमापाने त्याचा हात धरावा. नाहीतर समोरच्या प्रत्येक बाईत त्याला स्वतःची आईच दिसू लागते, आणि समोरची बाई काय सांगते आहे ते ऐकायचे राहून जाते.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, म्हणजे ज्या वयात त्यांनी बाळ गमावले ते त्यांचे स्वतःचेच बालपण होते. बाळ गेले म्हणून त्या डॉक्टर झाल्या, असे आपण एका वाक्यात सांगतो, तेव्हा मधली वर्षे नाहीशी होतात. १८८३ साली परदेशी जाण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, याची कारणे मांडली, आणि १८८६ साली पदवी घेताना प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला. शोकाला विषयाचे रूप देण्याचे हे श्रम त्यांच्या चरित्रकथांत सहसा झाकोळलेले राहतात.

अमेरिकेतील डॉक्टर सारा जोसेफिन बेकर यांची हकीकत तर या समीकरणात बसतच नाही. त्या सोळा वर्षांच्या असताना त्यांचा भाऊ आणि पाठोपाठ वडील गेले. वडील विषमज्वराने, म्हणजे टाळता येण्याजोग्या रोगाने गेले. सारा यांनी वैद्यक निवडले ते आई आणि बहिणीचा चरितार्थ चालवण्यासाठी. १९०८ च्या उन्हाळ्यात त्यांनी न्यूयॉर्कच्या एका दाटीच्या भागात, नुकतेच मूल जन्मलेल्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. बाळाला अंगावर पाजा, खिडकी उघडी ठेवा, अंघोळ घाला, कपडे हलके घाला, एवढाच त्यांचा उपदेश होता. त्या भागात आदल्या उन्हाळ्यापेक्षा १,२०० बालमृत्यू कमी झाले. पुढे बेकर यांच्या लक्षात आले, की कष्टकरी आयांच्या घरात तान्ह्या मुलाला दिवसभर सांभाळते ती त्याची मोठी बहीण. बारा वर्षांच्या या मुली म्हणजे हलाखीने आधीच बालपण हिरावून घेतलेल्या मुली होत्या. बेकर यांनी त्यांच्यासाठी शाळांतून वर्ग सुरू केले, त्यांना बाळाची निगा शिकवली, आणि या मुली ते सगळे घरी जाऊन आपल्या आयांना शिकवू लागल्या.