तार घे, काप!

हे आत्ता स्क्रीनवर जे दिसतंय ना, त्या मुलीने तासभर खपून एक बाऊल काढलाय चाकावर, छान गोल, आणि शिकवणाऱ्या ताई तिच्या हातात तार देतायत. साधी बारीक तार, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे, एरवी चाकावरून भांडं सोडवायला वापरतात. इथे मात्र ती वरून खाली मधोमध ओढायची. झाले दोन तुकडे. मुलीचा चेहरा बघा फक्त.

"आता रडू नको, भिंत बघ."

भिंत म्हणजे भांड्याची जाडी. काठाशी पापडासारखी आणि बुडाशी चांगली बोटभर, म्हणजे माती वर चढलीच नव्हती, खालीच बसून राहिली होती. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आपण नाशिकमध्ये आहोत, मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षाच्या बागा संपत संपत बिल्डिंगी सुरू होतात तिथलं एक पत्र्याचं शेड. ताईंचं नाव आम्ही सांगणार नाही, त्यांनीच नको म्हटलंय, म्हणे नाव टाकलं की लोक शिकायला नाही येत, कप विकत घ्यायला येतात आणि वर भाव करतात.

ताई मूळच्या कुंभार घरातल्या नाहीत. कॉमर्स केलं, बँकेच्या परीक्षा दिल्या, मग कुठेतरी एका प्रदर्शनात स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी बघितली आणि डोकं फिरलं. पाँडिचेरीला 1971 साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओ पॉटर्सचे हात तिथे तयार झालेत. ताई थेट तिथे नाही शिकल्या, तिथे शिकून आलेल्या एकीच्या हाताखाली दोन वर्षं माती मळली. परत आल्या तेव्हा फिकट हिरवे, काचेसारखे गुळगुळीत कप करायच्या. माती बाहेरून पाकिटात, ग्लेझचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा, सगळा माल बाहेरून. भांडी सुंदरच होती, मी जुने फोटो बघितलेत, पण ताईच म्हणतात, "नाशिकात बसून जपान करत होते मी."

मग एका संक्रांतीच्या आधी त्या जुन्या नाशकात कुंभारवाड्यात गेल्या, सुगडं आणायला. तिथे एक म्हातारे काका मातीचा हा एवढा ढीग चाकावर ठेवून त्याच्या शेंड्यावरून एकामागून एक सुगड उतरवत होते, मोजायला पण वेळ मिळत नाही इतक्या भराभर. ताई म्हणाल्या मी करून बघू? बसल्या. एकही धड निघेना. काका काही बोलले नाहीत, हात लावला नाही, नुसतं प्रत्येक बिघडलेलं सुगड उचलून परत ढिगात टाकत राहिले. दुपारभर हेच. शेवटी एवढंच म्हणाले, "भाजलं नाय ना अजून, मग काय बिघडलं?"

आणि हे खरंच आहे, कच्ची माती वाळून कडक झाली तरी पाण्यात टाकली की दोन दिवसांत परत चिखल, परत मळा, परत चाक. पण एकदा सहाएकशे डिग्रीच्या वर भाजली की ती माती राहत नाही, पाणी घाला नाहीतर काही करा, ती परत येत नाही. किती टिकते याचं उदाहरण नाशकातच आहे. गोदावरीकाठच्या मातीच्या गढीत 1950-51 मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम केलं, तिथे जी खापरं निघाली, लाल अंगावर काळी नक्षी, वाजवली तर धातूसारखी खणखणतात, ती साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची, जोर्वे संस्कृतीची. ताई क्लासमध्ये हेच सांगून हसतात, "हा तुझा वाकडा मग तीन हजार वर्षं राहणारे, चालेल का विचार कर. नाहीतर काप."

(कुंभारांचा विषय निघालाच आहे तर, पांडवलेणीत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, तिसऱ्या शतकातला एक लेख आहे, विष्णुदत्ता नावाच्या बाईने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे पैसे ठेवल्याचा. त्यातल्या हजार नाण्यांची ठेव 'कुलरिक' श्रेणीकडे, म्हणजे अभ्यासकांच्या मते बहुतेक कुंभारांकडे. एफडीच की ही! आज कुंभारवाड्यात कोण ठेवेल सांगा.)

त्यानंतर ताईंचं काम बदललं, पण एका दिवसात नाही. आधी इथली काळी माती घेतली, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आखडते की उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच भेगा भांड्याला. दोन वर्षं गेली त्यात. मग कळलं की भांडं नाही होत तर तिचं ग्लेझ होतं, बाराशे पन्नास डिग्रीच्या आसपास ती वितळून तपकिरी-काळी चकचकीत होते, लोह भरपूर ना त्यात. आणि मग ग्लेझसाठीच द्राक्षाच्या काड्या. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, शेतकरी म्हणतात घेऊन जा बाई. जाळायच्या, राख पाण्यात धुवायची, हातमोजे घालून हां, पाणी झोंबतं, मग चाळायची. पोतंभर काड्यांची ओंजळभर राख. राखेत चुना असतो तो वितळायला मदत करतो, जोडीला फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड आणि थोडी माती. पहिल्यांदा ग्लेझ वाहून भट्टीच्या फळीला चिकटलं, छिन्नीने काढावं लागलं. ती फळी अजून भिंतीला टेकवून ठेवलीय, दाखवतो. आणि हा आत्ताचा रंग बघा, मधासारखा, खाली जिथे जाड जमलाय तिथे शेवाळी.

शिकवण्याचं पण तसंच. आधी ताई 'एका दिवसात तुमचा कप' असले वर्कशॉप घ्यायच्या, सगळ्यांच्या हातावर हात ठेवून कप सरळ करून द्यायच्या. लोक खूश, फोटो वगैरे. मग एक जण सहा महिन्यांनी परत आला आणि त्याला माती चाकाच्या मध्यात पण आणता येईना. "तो कप माझाच होता ना," ताई म्हणाल्या. ते बंद. आता आठ आठवडे, पहिले तीन आठवडे काहीही भाजायचं नाही, ताई मांडीवर हात ठेवून शेजारी बसतात. मला हे आधी जरा जास्तच वाटलं, फी घ्यायची आणि घरी न्यायला काही द्यायचं नाही! काही जण सोडून पण जातात, त्याचं ताईंना वाईट वाटतं, दाखवत नाहीत.

शूटिंगच्या मधे मी पण एक कप केला आणि कापू नका म्हणून हातापाया पडलो. ताई म्हणाल्या बरं. भट्टीतून आला तर बुडाला इंग्रजी एस सारखी भेग, तळ नीट दाबून घेतला नव्हता म्हणून. चहा ओतला तर टेबलावर.

आत्ता एडिटिंग करतोय तिथेच आहे तो, पेनं ठेवलीत त्यात. उचलला की कळतं, बुड जाड आहे.