स्टाउटचा फेस बसेपर्यंत

(दृश्य: डब्लिन, सेंट जेम्स गेटचं काळं फाटक.)

डब्लिनला आलेल्या कुठल्याही पाहुण्याला विचारा, इथलं पेय कोणतं? उत्तर ठरलेलं: काळी स्टाउट, वर पांढऱ्या फेसाचा थर. पण ही बिअर जन्माने आयरिश नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर निघाली. ओझी वाहणाऱ्या हमालांची ती आवडती, म्हणून नावही त्यांचंच पडलं. त्यातली जास्त कडक ती स्टाउट पोर्टर, पुढे नुसतीच स्टाउट.

आर्थर गिनीज या माणसाने 31 डिसेंबर 1759 रोजी सेंट जेम्स गेटचा बंद पडलेला बिअरचा कारखाना भाड्याने घेतला. भाडं वर्षाला 45 पौंड आणि मुदत 9000 वर्षं! हा करार आता फक्त कौतुकाने दाखवण्यापुरता उरलाय, कारण जमीन त्याच्या गिनीज कंपनीने नंतर विकतच घेतली. सुरुवातीला आर्थर एल नावाची साधी बिअर बनवायचा. लंडनची पोर्टर डब्लिनमध्ये खपतेय हे पाहून तो तिकडे वळला आणि 1799 मध्ये एल कायमची बंद केली.

(दृश्य: तळहातावर दोन प्रकारचे दाणे, फिके आणि काळेभोर.)

आता हे दाणे बघा. दोन्ही बार्लीचेच. फिके दाणे म्हणजे माल्ट: बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि मोड वाढायच्या आत गरम हवेवर वाळवायची. साखर यातून मिळते. काळ्या दाण्यांना मोड आणलेलेच नाहीत. कच्ची बार्ली फिरत्या पिंपात 230 अंशांच्या आसपास भाजली, की ती अशी होते. दातांखाली धरली तर कुरकुरीत, कडू, जळक्या कॉफीच्या वासाची. इतक्या तापमानाला दाणा कोळसा व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे भट्टीवाल्याचं लक्ष हलून चालत नाही. मिश्रणात हे दाणे साधारण दहा टक्के, पण रंग आणि चव ठरते त्यांच्यामुळेच. एवढं काळं भाजणं जमू लागलं ते 1817 नंतर. त्या वर्षी डॅनियल व्हीलरने भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं.

आणि काळी म्हणतो ती बिअर खरं तर काळी नाहीच. ग्लास दिव्यासमोर धरा, कडेने गडद माणिकरंग दिसेल.

पुढची पद्धत इतर बिअरसारखीच. दाणे भरडायचे, साधारण 65 अंशांच्या पाण्यात मुरवायचे, म्हणजे पिष्टाची साखर होते. गाळलेला गोड रस हॉप्स या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. काही दिवसांत साखरेचा मद्यार्क होतो. डब्लिनकर थट्टेने या बिअरला लिफी नदीचं पाणी म्हणतात, पण पाणी येतं विक्लोच्या डोंगरांतून. एक गैरसमज मात्र मोडायलाच हवा: रंग गडद म्हणजे बिअर जड, असं काही नाही. नळावरच्या गिनीजमध्ये मद्यार्क 4.2 टक्के, म्हणजे कित्येक सोनेरी बिअरपेक्षा कमीच.

(दृश्य: पबचा काउंटर. बारमनचा हात, तिरका ग्लास.)

आता ज्यासाठी लोक येतात ते. 568 मिलिलिटरचा पिंट ग्लास, कोरडा आणि स्वच्छ. तेलाचा अंश जरी राहिला तरी फेस मोडतो. ग्लास 45 अंशांत तिरका. नळाचा दांडा पुढे ओढायचा आणि ग्लास हळूहळू सरळ करत पाऊण भरायचा. मग चक्क काउंटरवर ठेवून द्यायचा. आत तपकिरी वादळ उठलेलं असतं. ते शमलं की दांडा उलट्या बाजूला ढकलून, संथ धारेने, फेस काठाच्या किंचित वर येईपर्यंत भरायचा. जाहिरातीत या सगळ्याला 119.5 सेकंद सांगतात. त्यातला तो अर्धा सेकंद जाहिरातवाल्यांचाच.

हे दोन टप्पे आले कुठून? पूर्वी काउंटरमागे दोन पिपं असत. एकात ताजी, अजून फसफसणारी स्टाउट, दुसऱ्यात मुरलेली, शांत. आधी ताजीने ग्लास भरायचा, फेस बसू द्यायचा, मग मुरलेलीने वरपर्यंत भरायचा. काम कौशल्याचं, आणि हात चुकला की सगळा फेसच फेस.

कंपनीला एकाच पिपातून हीच चव आणि हाच फेस हवा होता. तिथे शास्त्रज्ञ नेमण्याची रीत जुनीच होती. संख्याशास्त्रातली प्रसिद्ध टी-चाचणी 1908 मध्ये ज्याने मांडली तो विल्यम गॉसेट इथलाच नोकर. स्वतःच्या नावाने लिहायला परवानगी नव्हती, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतलं. पिपाचा प्रश्न पडला मायकेल ॲशच्या गळ्यात. तोही गणिती. सहकारी त्याच्या प्रयोगांची टिंगल करत. त्याचं उत्तर होतं नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये सहज विरघळतो, त्याचे बुडबुडे मोठे होतात आणि जिभेला झोंबतात. नायट्रोजन जेमतेम विरघळतो. तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण दाबाखाली ठेवून बारीक छिद्रांच्या चकतीतून सोडलं, की असंख्य इवलाले बुडबुडे सुटतात आणि सायीसारखा दाट फेस धरतो. 1959 मध्ये हे पीप बाजारात आलं. आज जुनी आयरिश परंपरा म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, तो हा विसाव्या शतकातला प्रयोगशाळेचा शोध आहे. दोन पिपं गेली, दोन टप्पे तेवढे राहिले.

(दृश्य: ग्लासची कड, अगदी जवळून.)

इथे नीट बघा. काचेलगतचे बुडबुडे चक्क खाली जाताहेत! डोळ्यांचा भ्रम नाही हा. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता. बुडबुडे सरळ वर चढतात, त्यामुळे तिरप्या काचेपासून ते दूर होतात आणि काचेलगत बुडबुडे कमी असलेली, म्हणून जड, बिअर उरते. ती खाली घसरते आणि उरलेसुरले बारीक बुडबुडे सोबत ओढून नेते. मधल्या भागात प्रवाह वर जात असतो, पण काळोखात तो दिसत नाही. लिमरिक विद्यापीठाच्या गणितज्ञांनी 2012 मध्ये हे मांडलं. ग्लास उलट्या आकाराचा घेतला, तर काचेलगत बुडबुडे वर जातील.

(दृश्य: डबा उघडतो.)

उरला घरचा प्रश्न. डब्यात ना नळ, ना चकती. 1988 मध्ये कंपनीने डब्याच्या तळाशी प्लॅस्टिकची छोटी पोकळ कुपी बसवली. तिला सुईच्या टोकाएवढं भोक. डबा बंद असताना दाबामुळे नायट्रोजन आणि थोडी बिअर तिच्यात शिरते. डबा उघडला, दाब एकदम उतरला, की ती चिळकांडी बाहेर येते आणि सगळी बिअर घुसळून काढते. पबमधल्या चकतीचं काम डब्यात ही कुपी करते. पुढे तिची जागा सुट्या चेंडूने घेतली. रिकामा डबा हलवला की खुळखुळतं ते हेच.