गाभोळीच्या दगडाची गावं

२७ डिसेंबर. सकाळचे साडेसात आणि बाहेर अजून मिट्ट काळोख. रेडिंगहून एम-फोर पकडलाय, मागच्या सीटवर आई, अंगात दोन स्वेटर, कानटोपी आणि मांडीवर थालीपिठांचा डबा. रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आलीय, आणि इथे ख्रिसमसला सगळं बंद, २५ला तर ट्रेनसुद्धा धावत नाहीत, त्यामुळे घरात बसून जाम कंटाळलेली. म्हटलं चल, कॉट्सवोल्ड्स दाखवतो, इंग्लंडातला जुन्या दगडी गावांचा मुलूख. पण या दिवसांत आधी हिशेब करावा लागतो, उजाडतं आठनंतर आणि चारला सूर्य गायब, म्हणजे हातात जेमतेम आठ तास. त्यात तीन-चार गावं, बास. एका दिवसात दहा गावं करणारेही असतात, करोत बापडे.

स्विंडनला मोटरवे सोडला, सायरनसेस्टर मागे पडलं, रस्ता अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंना ह्या भिंती सुरू झाल्या. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. आई काचेला नाक लावून म्हणते, "अरे, हा आपला गडगाच की रे!" इथे याला ड्राय स्टोन वॉल म्हणतात, शिकवायला कोर्सेस असतात वगैरे, पण गडगा तो गडगाच. आपला जांभा लाल आणि हा मधाच्या रंगाचा, एवढाच फरक.

हा दगड म्हणजे चुनखडी, ज्युरासिक काळात इथे उथळ, उबदार समुद्र होता तेव्हाची. जवळून बघा, बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले. याला ऊलाइट म्हणतात, म्हणजे अंड्यांचा दगड, आणि हे मी सांगायच्या आधीच आईने भिंतीवर नख फिरवून निकाल दिला होता, "गाभोळी!" म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. पिवळेपणा त्यातल्या लोखंडामुळे.

पहिलं गाव बायबरी. कोल्न नदीवर धुकं, गवतावर गोठलेलं दव, आणि ही समोर आर्लिंग्टन रो, जुन्या दगडी घरांची रांग. एका ब्रिटिश पासपोर्टात हिचं चित्र होतं, इन्स्टावर तर रोजच असतं. पण १३८०च्या सुमाराला हे बांधलं ते माणसांसाठी नव्हतंच, मठाची लोकर ठेवायचं गोदाम होतं. सतराव्या शतकात त्यात खोल्या काढून विणकरांना राहायला दिल्या, म्हणजे सरळ सांगायचं तर चाळ. समोरच्या त्या पाणथळ गवताला रॅक आयल म्हणतात, तिथे कापड वाळत घालायचे. छपरावरही दगडाच्याच फरशा, खाली मोठ्या आणि वर जाता जाता लहान लहान होत गेलेल्या, एकदा लक्षात आलं की मग प्रत्येक घरावर तेच दिसायला लागतं.

हा सगळा मुलूख मेंढ्यांवर श्रीमंत झाला. लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सचे अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या गादीवर बसतात, ती त्याच जमान्याची आठवण. मग वाफेच्या गिरण्या आल्या, कापडाचा धंदा उत्तरेला यॉर्कशरकडे गेला, आणि इथे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. आज आपण ज्याला सुंदर म्हणतो ना, ती त्या गरिबीची शिल्लक आहे.

आणि इथे अजून माणसं राहतात, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे भाडेकरू. मी कॅमेरा घेऊन जरा पुढे सरकलो तर आईने जॅकेट धरून मागे ओढलं, "कुणाच्या घरात काय डोकावतोस!" त्यामुळे या व्हिडिओत खिडकीचा एकही क्लोजअप नाहीये.

बोर्टन-ऑन-द-वॉटरबद्दल फार बोलत नाही. नदीतच ख्रिसमस ट्री उभं, बुटके दगडी पूल, पार्किंगला अर्धा तास आणि स्कोनचे भाव ऐकून आईने काढलेला डबा. थंडगार थालीपीठ, वर थर्मॉसचा चहा, विंडरश नदीच्या काठावर. झकास.

मग लोअर स्लॉटर. नाव ऐकून आई दचकली, पण कत्तलीशी काही संबंध नाही, जुन्या इंग्लिशमधला चिखलाच्या जागेचा शब्द आहे तो. तिथून अप्पर स्लॉटर शेतांतून साधारण मैलभर, चालतच गेलो. पहिल्या महायुद्धाची स्मारकं इंग्लंडात गावोगाव आहेत, खाली मेलेल्यांची नावं. इथे तशी यादी नाही, कारण दोन्ही महायुद्धांत या गावातून लढायला गेलेले सगळेच्या सगळे जिवंत परत आले. आपल्याकडेही काही गावांत ती संगमरवरी पाटी असते बघा, या गावातून महायुद्धावर इतके गेले, इतके पडले. आईने दोनदा विचारलं, "सगळे? अगदी सगळे?" मग बराच वेळ काही बोलली नाही.

परतताना पावणेचारलाच उजेड जायला लागला, भिंतीचा पिवळा रंग आधी करडा झाला, मग नुसता काळा. मोबाईलच्या टॉर्चवर गाडीपर्यंत आलो. आईने बूट काढून पिशवीत घातले, तळव्यांना बोटभर चिखल. "नाव बरोबर ठेवलंय हो," म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली.