पाऊस गेला, पाणी राहिलं

(दृश्य: त्र्यंबकेश्वर, कुशावर्त. पहाट. कुंडाच्या पायऱ्यांवर तुरळक माणसं.)

ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे त्र्यंबकच्या या डोंगराला पायी प्रदक्षिणा, म्हटलं की श्रावणातला तिसरा सोमवार आठवतो. रविवारी रात्रीच लोक निघतात, बरेचसे अनवाणी. अंतर साधारण २० किलोमीटर. त्या गर्दीत कोण घसरलं, कोण चिखलात बसलं, कुणी लक्षही देत नाही. श्रावणच तो.

ऑक्टोबरच्या अखेरीस फेरीला निघणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. परतीचा पाऊस गेलेला, २८ किलोमीटरवरच्या नाशिकात ऑक्टोबर हीटनं जीव नकोसा झालेला. म्हणजे वाट कोरडीच असणार.

(दृश्य: पहिनेकडची बाजू. ऊन, खुरासणीची पिवळी शेतं.)

पहिनेपर्यंत हा हिशेब बरोबर वाटतो. पायाखाली फुफाटा, दोन्ही अंगांना भाताची सोंगणी सुरू. पावसाळ्यात ज्या धबधब्यांपायी इथल्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, त्यांच्या आता कड्यावर नुसत्या ओल्या रेघा उरल्यात.

डोंगर उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. डोंगराला वळसा घालून पलीकडे गेलं की चित्र पालटतं. या बाजूचे कडे उभे, त्यांच्या सावलीत वाट. हिमालयात अशा सावलीच्या अंगाला उन्हाळ्यातही बर्फ चिकटून असतं. सह्याद्रीत बर्फ नाही, पण वाट अडवायला पाणी पुरतं.

(दृश्य: कातळाचा जवळून घेतलेला तुकडा. आवाज फक्त पाण्याचा.)

हा कातळ नीट पाहा. काळा, तिरका, वरवर कोरडा. वाळलेलं शेवाळही काळं आणि ओलं शेवाळही काळंच. तिरप्या उजेडात मात्र दिसतं, की सगळ्या खडकावरून पाण्याचा कागदाइतका पातळ पदर सरकतोय. भारी बुटांचा इथे काही उपयोग नाही. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक मावशी शेजारून गेली ती कातळाला न शिवता, कडेच्या गवतातून, कारवीची खोडं धरत. आम्हीही मग गवतच धरलं.

हे पाणी येतं कुठून? ब्रह्मगिरी म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. काही थर सच्छिद्र, भेगाळलेले. ते चार महिने पाऊस पितात. त्यांच्याखालचा घट्ट थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं सरकत कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. आभाळ कोरडं झाल्यावरही डोंगर आठवडेच्या आठवडे पाझरत राहतो, तो यामुळे.

आणि या पाझराच्या वाटाही दोन. पूर्वेकडचं पाणी गोदावरीचं, १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळणारं. पश्चिमेकडे वैतरणा. ती अरबी समुद्राकडे जाते आणि वाटेतल्या धरणांमधून मुंबईच्या नळाला येते. फेरी करणारा एका दिवसात हा पाणलोट दोनदा ओलांडतो, बहुतेकांना पत्ताही नसतो.

(दृश्य: दाट झाडी, वाट जेमतेम दिसते.)

अशाच झाडीतली कथा वारकऱ्यांना पाठ आहे. विठ्ठलपंतांचं कुटुंब ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत असताना वाघ आडवा आला. पळापळीत निवृत्तिनाथ चुकले, गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथ भेटले. वाट चुकणाऱ्या प्रत्येकालाच गुरू भेटतो असं नाही. तेव्हा झाडीत वाटेला फाटे फुटले की थांबून विचारावं.

(दृश्य: सापगावच्या अलीकडची शेतं. बांधावर एक आजोबा.)

सापगावच्या अलीकडे बांधावर आजोबा बसले होते. वाट फार निसरडी आहे, असं सांगितल्यावर हसले.

"दिवाळी होऊन जाऊ द्या, मग या. तवा वाट कोरडी ऱ्हाती."

आणि उन्हाळ्यात?

"उन्हाळ्यात या की. पन पानी घरून आना. आमच्या बायाच हंडे घेऊन फिरत असत्यात, तुमाला कुठून देनार?"

त्र्यंबकच्या पाड्यांवर हे दर उन्हाळ्यात घडतं. आम्ही जो ओहोळ शिव्या देत ओलांडला, त्याच्या कडेला गावकऱ्यांनी दगड रचून छोटी डबकी केली होती. हंडा बुडेल एवढीच.