बोर्ड एक वीत कमी पडला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

पाट्या आणि बोर्ड बनवणं हा माझा धंदा. कोल्हापुरात उद्यमनगरला वर्कशॉप आहे. आता सगळं काम कॉम्प्युटर, शीट कापणारं राउटर आणि लेझर मशीनवर चालतं, तरी गिऱ्हाईक हाक मारतं ती 'पेंटर' म्हणूनच. ज्या गावानं चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव मेस्त्रींचं बाबूराव पेंटर केलं, त्या गावात ही हाक मला मानाची वाटते. आज मी बोलणार आहे ते आमच्या हातून होणाऱ्या चुकांबद्दल. महागात पडणाऱ्या चुका, आणि त्या झाल्यावर गिऱ्हाइकासमोर कसं उभं राहायचं याबद्दल.

एका बोर्डाची हकिगत सांगतो. राजारामपुरीत साड्यांचं नवं दुकान निघत होतं. गुढीपाडव्याला सकाळी उद्घाटन. माप घ्यायला मी स्वतः गेलो होतो. शटरच्या वरची जागा 14 फूट 10 इंच रुंद, साडेतीन फूट उंच. टेपचं एक टोक मालकांच्या धाकट्या भावानं धरलं, दुसरं मी. खिशातल्या वहीत लिहिलं, 14.10. आमच्या धंद्यात असं लिहायची सगळ्यांना सवय आहे. पाच फूट सहा इंच असेल तर 5.6 लिहायचं. माणसा-माणसांत त्यानं काही बिघडत नाही. पण कॉम्प्युटरला फूट सांगितले की तो टिंबानंतरचा आकडा इंच म्हणून वाचत नाही, दशांश म्हणून वाचतो. त्याच्या लेखी 14.10 म्हणजे 14.1, म्हणजे चौदा फूट आणि वर जेमतेम सव्वा इंच. जागा 178 इंचांची, बोर्ड झाला 169 इंचांचा. बरोबर एक वीत कमी.

पाडव्याच्या आदल्या रात्री साडेनऊला आम्ही तो बोर्ड वर चढवला. फिटरनं शिडीवरून डावीकडचं टोक भिंतीच्या कडेला लावलं, उजवीकडं बघितलं आणि गप्प राहिला. उजव्या बाजूला वीतभर जुनी भिंत उघडी, आणि तिच्यावर आधीच्या दुकानाचा हिरवा रंग. मधोमध धरला तर दोन्हीकडं अर्धी-अर्धी वीत हिरवी. खाली मालक, त्यांचा भाऊ, त्यांचे वडील असे तिघं उभे. घरच्या बायका आत साड्यांच्या घड्या मांडत होत्या. आणि त्या वेळी माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ते असं, "तुमची भिंतच सरळ नाही."

श्रोतेहो, या वाक्याची मला आजही लाज वाटते. मला माहीत होतं भिंतीत काही नाही. पण चूक समोर आली की जीभ आधी दुसऱ्याकडं बोट दाखवते. त्यांचे वडील शांतपणे म्हणाले, "पेंटर, टेप लावा की." टेप लावला. वही काढली. वहीत माझ्याच अक्षरात 14.10.

मग मात्र मी सांगितलं, चूक माझी आहे, माप लिहिताना झाली आहे. उद्या मुहूर्ताला हाच बोर्ड मधोमध लावतो, दिवे लागतील. सहा दिवसांत पूर्ण मापाचा नवीन लावून देतो. तुमचा एक रुपया जास्त जाणार नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "कशाला एवढं? कडेला एक पट्टी जोडा, चालतंय." त्यांच्या मनाचा मोठेपणा होता तो. पण मी नको म्हटलं. एसीपीची, म्हणजे बोर्डाला लागणाऱ्या ॲल्युमिनियम पॅनेलची शीट येते आठ फूट बाय चार फूट, म्हणजे पंधरा फुटांच्या बोर्डाला एक जोड असतोच. तो आम्ही अक्षरांच्या मागं लपवतो. कडेला नऊ इंचांची पट्टी जोडली तर तो जोड दिवसा उन्हात रेघ मारल्यासारखा दिसतो, आणि दुकानाचं नाव मधल्या जागेवरून एका बाजूला सरकतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळेल. आणि तो बोर्ड तिथं दहा वर्षं राहणार.

त्या रात्री मी कित्येक वर्षांनी ब्रश हातात घेतला. बोर्डाची पार्श्वभूमी गडद मरून होती. ऑइलपेंटच्या डब्यात लाल, काळा आणि थोडा तपकिरी मिसळून तो मरून जुळवला आणि दोन्ही बाजूंच्या हिरव्या भिंतीवर दोन हात मारले. पहिला हात वाळायला वेळ हवा, म्हणून मालकांच्या वडिलांबरोबर पायरीवर बसून राहिलो. त्यांनी आतून चहा मागवला. दोन वाजता दुसरा हात मारून खाली उतरलो. सकाळी गुढी उभी राहिली, दिवे लागले, झेंडूची तोरणं चढली. पाहुण्यांतल्या कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सहाव्या दिवशी नवा बोर्ड लागला. अक्षरं आणि एलईडी जुनेच वापरता आले, पण शीट, चौकोनी पाइपची फ्रेम, टेंपो, मजुरी धरून तेरा हजार पदरचे गेले. चाळीस हजारांच्या कामात सुटणारा सगळा पैसा गेला आणि वर खिशात हात घालावा लागला.

यातला पैशांपेक्षा जास्त लागलेला भाग पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी फ्रेम वेल्डिंग करणारा आमचा पोरगा म्हणाला, "दादा, मला फ्रेम करतानाच वाटलं होतं. जागेच्या फोटोत बोर्डाची जागा शटरच्या दोन्हीकडं बाहेर जातीय, नि आपली फ्रेम शटरएवढीच होतीया." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो खाली बघत राहिला. शेवटी म्हणाला, "परत पगारातनं कापशीला म्हणून."

आदल्या वर्षी त्याच्या हातून ॲक्रिलिकची एक शीट उलटी कापली गेली होती. मी चिडून त्याचे पैसे पगारातून कापले होते. मला वाटलं होतं, शिस्त लागेल. लागली ती गप्प बसण्याची सवय. भंगाराच्या ढिगाखाली चुकलेले दोन तुकडे पुरून ठेवलेले मला नंतर सापडले. म्हणजे ज्याच्या डोळ्यांनी ती वीतभर चूक सगळ्यात आधी पाहिली, त्याचं तोंड मीच बंद करून ठेवलं होतं. त्याला पैसे परत दिले. तेव्हापासून आमच्याकडं कुणाचाही पगार चुकीपायी कापला जात नाही. प्रत्येक कामाच्या दरात शंभराला चार रुपये मी चुकीसाठी धरतो, जसे खिळे-स्क्रू धरतो तसे.

हे धरावंच लागतं, कारण आमच्या कामात चुकीची किंमत पायरीपायरीनं चढते. फाइलमध्ये सापडली तर काहीच नाही, दोन मिनिटांत सुधारते. कटिंगला सापडली तर एक शीट जाते. फिटिंगला सापडली तर टेंपो, शिडी, माणसांचा दिवस जातो. आणि उद्घाटनाला पाहुण्यांना सापडली तर गिऱ्हाईक जातं. म्हणून आता माप फक्त इंचांत लिहायचं, फूट लिहायचेच नाहीत. एकानं टेप वाचायचा, दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं म्हणायचा, आणि टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढायचा.

आता शुद्धलेखन. हा आमचा जुना दुखरा भाग. एका उपाहारगृहाच्या मालकांनी मजकूर पाठवला, त्यात 'उपहारगृह' असं होतं. उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्याचा तो उपाहार, 'प'ला काना. आमच्या डिझायनरनं जसं आलं तसं बसवलं, मी वरवर पाहिलं, मालकांनी नमुन्यावर सही केली. बोर्ड लागला. आठवड्याभरात एका निवृत्त शिक्षकांनी चहा पिता पिता चूक दाखवली, आणि मालक तणतणत माझ्याकडं आले.

सही त्यांची होती. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो काढून समोर ठेवला असता तर मी कायद्यानं बरोबर ठरलो असतो. पण मराठी अक्षरं रोज कापणारा माणूस मी, आणि त्यांचं काम मिसळ करण्याचं. काना कुठं गेला हे आधी माझ्या डोळ्याला दिसायला हवं होतं. मी कागद काढला नाही. सामानाचा खर्च त्यांनी द्यायचा, मजुरी आणि फिटिंग माझ्याकडं, असं ठरलं. हिशेब अर्ध्या-अर्ध्याचा वाटला तरी तो सोपा नव्हता, कारण देवनागरीत एक काना घालायचा म्हणजे एक काना घालून भागत नाही. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, एक काढून दुसरं लावता येतं. आपली अक्षरं शिरोरेखेनं बांधलेली. एक काना आत आला की पुढचं सगळं सरकतं, शिरोरेषा लांबते, अख्खा शब्द नव्यानं कापावा लागतो. ते मालक नंतर माझ्याकडं पुन्हा काम घेऊन आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार करतात, एवढंच. सगळ्या चुका भरून येतातच असं मी सांगणार नाही.

त्यानंतर आम्ही मजकूर दोनदा वाचतो. एकदा सरळ, आणि एकदा शेवटच्या शब्दापासून उलटा. सरळ वाचताना डोळा अर्थाच्या मागं पळतो, उलटं वाचताना त्याला प्रत्येक अक्षरावर थांबावं लागतं. शिवाय सहीच्या आधी मी गिऱ्हाइकाला फोनवर मजकूर वाचून दाखवतो. व्हॉट्सॲपवर 'ओके' यायला एक सेकंद लागतो, आणि तो 'ओके' पुष्कळदा गाडीवर बसलेल्या माणसाचा असतो.

जुन्या फॉन्टची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की काय होतं, हे या धंद्यातल्या माणसाला विचारा. रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. 'कोऱ्या वह्या' असं दिलेलं 'कोर्या वह्या' होऊन बाहेर पडतं. त्यासाठी फाइल दुसरीकडं पाठवण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये करून टाकायची, म्हणजे ती अक्षरं न राहता आकृती होतात आणि फॉन्ट असो नसो, बदलत नाहीत. एवढी एक कळ दाबायची राहिली म्हणून गेलेली फ्लेक्स मी मोजलेली नाहीत.

2022 साली राज्याच्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हेही त्यात आलं. 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्यापर्यंत मुंबईहून फोन आले, चार दिवसांत पाटी द्या म्हणून. मराठी पाट्या वाढल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण चार दिवसांत अक्षरं नीट वाचायला वेळ मिळत नाही. घाईतली पाटी म्हणजे मराठीचा मान राखायला लावायची आणि तिच्यातच मराठी चुकायची. मी त्यातली निम्मी कामं नाही म्हणून सोडली. ज्यांना नाही म्हटलं, त्यांना कारण सांगितलं. काहींनी थांबून पुढच्या महिन्यात माझ्याकडूनच करून घेतली.

चूक झाल्यावर फोन कुणी करायचा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. गिऱ्हाइकाला दिसायच्या आधी आपण करायचा. मेसेज नाही, फोन. रत्नागिरीला किनाऱ्याजवळ एका लॉजला स्टीलची अक्षरं दिली होती. मागवलं होतं 304 ग्रेडचं, पुरवठादाराकडून आलेल्या मालात 202 मिसळलं गेलं होतं, हे मला दोन महिन्यांनी दुसऱ्या कामावर कळलं. खाऱ्या वाऱ्यात 202 ला लवकर तांबेरा धरतो. अक्षरं अजून चकचकीत होती. तरी मी फोन केला. काय झालंय, कधी बदलून देतो, पैसे कोण भरणार, एवढं सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाही हो." मी म्हटलं, पावसाळ्यानंतर दिसेल. दिवाळीच्या आत अक्षरं बदलली.

आता मृग जवळ आलाय. या दिवसांत आम्ही गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना फोन करतो, कारण पहिल्या पावसात बोर्डाच्या पेटीत पाणी शिरलं की आधी पॉवर सप्लाय जातो आणि मग अर्धं नाव अंधारात जातं. तुमच्यापैकी कुणाचं दुकान असेल तर आज रात्री दिवे लागल्यावर रस्त्याच्या पलीकडं जाऊन एकदा आपल्या बोर्डाकडं बघा. एखादं अक्षर मंद असेल, कडेला ओल दिसत असेल, काना-मात्रा चुकली असेल, तर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचा नंबर असतो. त्याला फोन करा. तो वाट बघत नसेल, पण फोन आलेला त्याला हवाच असतो.

नमस्कार.